अतिवृष्टीचे दिवस आणि आमचा ग्राहकधर्म

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही मॅट्रिकची परीक्षा उतरलेले एक सामान्य प्राथमिक शिक्षक. सारी हयात खडू आणि फळा यांच्या संगतीत गेली. ज्या व्यासपीठावरून विद्वानांनी ज्ञातीच्या इतिहासाचा परामर्श घेतला, तेथे आम्ही दूध, डबे आणि पाऊस यांविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. विषय लहान आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु तो रोज सकाळी आपल्या दाराची कडी वाजवितो, म्हणून त्याची उपेक्षा करणे बरे नव्हे.

नोकरी हाच काय तो प्रतिष्ठेचा मार्ग, ही आपल्या ज्ञातीतील जुनी समजूत आता मागे पडली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. आज आपल्यातील कोणी दुधाचा रतीब घालतो, कोणाची वर्तमानपत्रांची लाईन आहे, कोणी किराणा आणि औषधे घरपोच करतो. कित्येक भगिनी पोळीभाजीचे डबे करून कचेऱ्यांत आणि घरोघर पोचवितात. या धंद्यांना मोठ्या भांडवलाचा आधार नसतो. एक दुचाकी, हाताखाली एकदोन मुले आणि गिऱ्हाइकांचा विश्वास, एवढीच यांची मालमत्ता. आणि त्याच वेळी आपल्यातील प्रत्येक कुटुंब हे कोणाचे तरी गिऱ्हाईकही आहेच. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस आपणच उभे आहोत.

प्रश्न असा : आभाळ फाटले असता, रस्त्यांच्या नद्या झाल्या असता, गिऱ्हाइकाने या लहान धंदेवाल्यांकडून कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये?

याचे उत्तर आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ते आम्हांस एका मुलाने शिकविले, आणि त्या शिकवणीची किंमत आम्ही नव्हे, त्याने मोजली. ही हकीकत सांगताना आम्हांस आजही लाज वाटते. तथापि ती सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार पोचत नाही.

सन २००५ च्या जुलै महिन्याची २६ तारीख आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वेळी आमचे बिऱ्हाड कल्याणात एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर होते. दुपारी शाळा सोडून दिली आणि गुडघाभर पाण्यातून आम्ही घर गाठले. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांनी पात्रे सोडली, खालच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, रेल्वे बंद पडली, वीज गेली. आमचे वडील त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते. सकाळी आणि रात्री पावशेर दूध हा त्यांचा नेम. आमच्याकडे दुधाचा रतीब घालणारा मुलगा आमचाच जुना विद्यार्थी होता. सातवीनंतर त्याने शाळा सोडली होती आणि एका दूधवाल्याकडे तो कामाला होता.

२७ तारखेस तो आला नाही. २८ तारखेस दुपारी आला तो निम्मे दूध घेऊन. आम्ही त्यास दारातच, चार शेजाऱ्यांच्या देखत, फैलावर घेतले. "घरात आजारी माणूस आहे हे ठाऊक असून दोन दिवस तोंड दाखवीत नाहीस? जमत नसेल तर रतीब सोडून दे," असे आम्ही त्यास बोललो. त्याने मान खाली घातली, माप ओतले आणि तो गेला. आम्हांस वाटले, आम्ही त्यास योग्य ती समज दिली.

आठवडाभराने तो पुन्हा यावयाचा थांबला. चौकशी करता कळले की त्यास ताप भरला असून इस्पितळात ठेवले आहे. लेप्टोस्पायरोसिस हे नाव आम्ही तेव्हा प्रथम ऐकले. उंदीर आणि इतर जनावरे यांच्या मुत्रातून हा रोग पुराच्या पाण्यात उतरतो आणि पायावरची साधी खरचटही त्यास शरीरात शिरावयास पुरेशी होते. आम्ही भेटीस गेलो, तेव्हा त्याच्या आईने सांगितले की २७ तारखेस पहाटे तो घरी बसलाच नव्हता. दुधाची गाडी येते त्या नाक्यापर्यंत तो कमरेएवढ्या पाण्यातून गेला आणि न येणाऱ्या गाडीची वाट पाहत दोन तास उभा राहिला. "गुरुजींच्या घरी म्हातारे आजोबा आहेत," असे तो तिला सांगून गेला होता. त्याच वाटेवर पाण्याखालच्या पत्र्याने त्याचा पाय कापला.

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. आम्ही एवढेच म्हणालो, "बाळ, आम्ही उगाच बोललो." तो क्षीण आवाजात म्हणाला, "गुरुजी, त्या दिवसाचा खाडा मांडला आहे मी."

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. २७ तारखेस दूध नव्हते म्हणून आमच्या कुटुंबाने वडिलांना भाताची पेज करून दिली. ती त्यांनी आवडीने घेतली आणि ती त्यांस मानवली. म्हणजे ज्या दुधापायी एक पोर मरणाच्या दारापर्यंत गेले, त्यावाचून आमचे काही अडले नव्हते. आम्ही त्यास त्या पाण्यात "ये" म्हटले नव्हते हे खरे. परंतु "असल्या दिवशी येऊ नकोस" असेही आम्ही कधी सांगून ठेवले नव्हते. आमचे दोष तेथेच होते. दारातले बोलणे हा त्यावरचा कळस झाला. सुदैवाने तो मुलगा बरा झाला. त्याच्याविषयी पुढे सांगू.

मंडळी, या प्रसंगाचा विचार करता आमच्या ध्यानात पहिली गोष्ट ही आली की गिऱ्हाईक आपल्या खिडकीतून पाऊस मोजते. त्याच २६ जुलैचे आकडे पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच अवधीत कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात एवढे अंतर! कुलाब्याच्या घरात बसून "आमच्याकडे तर फारसा पाऊस नाही, मग याला यावयास काय झाले?" असे कोणी त्या दिवशी म्हटले असते, तर आपल्या डोळ्यांपुरते ते खरे बोलले असते, आणि तरीही अन्याय करते झाले असते. डबा जेथे भरला जातो ते स्वयंपाकघर, जेथून दूध येते तो नाका आणि जेथे तो पोचवावयाचा ते दार, या तिन्ही ठिकाणचे आभाळ निराळे असू शकते.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईची जुनी गटारे इंग्रजी अमदानीत बांधली गेली, ती ताशी २५ मिलिमीटर पावसाचा निचरा व्हावा या हिशेबाने, आणि तोही समुद्रास ओहोटी असताना. पुढे ही क्षमता वाढविण्याची कामे हाती घेण्यात आली. तरीही मोठी भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडली की पाणी बाहेर पडावयाचे सोडून रस्त्यावरच तुंबते. असे तुंबलेले पाणी वरून शांत दिसते. त्याखाली काय आहे ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईतील एक नामांकित डॉक्टर घरी परतताना रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून प्राणास मुकले. वाहते पाणी तर त्याहून फसवे. सुमारे १५ सेंटीमीटर खोलीचे वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. विजेच्या खांबांजवळचा धोका वेगळाच. जेथे अनुभवी माणसे फसतात, तेथे पाठीवर पिशवी आणि हातात दुचाकी घेतलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने वेळेवर पोचावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

यावर कोणी म्हणेल, "मग काय, थोडे भुरभुरले की सर्वांनी घरी बसावे?" नाही. आम्हांस तसे सुचवावयाचे नाही. पावसाळा दर वर्षी येतो आणि जो पावसाळ्यात धंदा करतो त्याने पावसाची तयारी ठेवलीच पाहिजे. रेनकोट नव्हता, पिशवी भिजली, ही कारणे ऐकून घेण्यास गिऱ्हाईक बांधलेले नाही. नेहमीचा पाऊस आणि अतिवृष्टी यांतील भेद आता अंदाजाने ठरविण्याचेही कारण उरलेले नाही. हवामान खाते चोवीस तासांतील ६४.५ मिलिमीटरपासूनच्या पावसास जोरदार, ११५.६ पासूनच्या पावसास अति जोरदार आणि २०४.५ व त्यापुढच्या पावसास अत्यंत जोरदार म्हणते. जिल्हावार इशारे रंगांनी दिले जातात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे प्रत्यक्ष उपाय योजा. हे इशारे गिऱ्हाइकाच्या घरीही पोचतात आणि धंदेवाल्याच्या घरीही. मग दोघांनी आदल्या रात्रीच एकमेकांशी दोन शब्द का बोलू नयेत?

आता खात्रीलायक सेवा कशास म्हणावी याचा विचार करू. या बाबतीत मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण आपणां सर्वांस परिचित आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी या कामाचा आरंभ केला असे सांगतात. कोरोनाच्या साथीपूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत, आणि त्यांच्या अचूकतेची कीर्ती देशोदेशी गेली. परंतु त्यांच्या कीर्तीची दुसरी बाजू आपण पाहत नाही. दर वर्षी गावच्या यात्रेसाठी ही मंडळी आठवडाभराच्या आसपास काम बंद ठेवतात, मात्र गिऱ्हाइकांना आगाऊ कळवून. २०१७ च्या ऑगस्टअखेर मुंबई पाण्याखाली गेली, तेव्हा त्यांनीही डबे नेणे थांबविले. एवढ्याने त्यांची गिऱ्हाइके तुटली नाहीत किंवा त्यांच्या नावास बट्टा लागला नाही. कारण विश्वास हा केवळ रोज येण्याने बसत नाही; येतो म्हटले की येतो आणि येणार नाही तर तसे सांगतो, या दोन्हींनी मिळून तो बसतो.

म्हणून आमचे नम्र मत असे की अतिवृष्टीच्या दिवशी गिऱ्हाइकाचा खरा हक्क मालावर नसून खऱ्या निरोपावर आहे. हा निरोप वेळेवर मिळावा, स्पष्ट मिळावा आणि त्यात आडपडदा नसावा. "निघालोच आहे, पोचतोच" असे तासातासाने सांगत राहणे ही सेवा नव्हे. तो आपल्या भिडस्तपणाचा दुसऱ्याच्या पोटावर टाकलेला बोजा होय. "आज डबा येणार नाही" हे सकाळी सातला कळले तर गिऱ्हाईक खिचडी टाकते; दुपारी एकला कळले तर ते उपाशी राहते. संताप येतो तो बहुधा या दुसऱ्या प्रकाराने, आणि तो संताप आम्ही अनाठायी म्हणणार नाही.

पैशाविषयीही स्वच्छ बोलावे. आम्ही वकील नव्हे. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील ५६ वे कलम असे सांगते की करार झाल्यावर त्यातील काम अशक्य झाले तर तो करार तेथे संपतो. मात्र काम अवघड झाले किंवा महाग पडू लागले म्हणजे ते अशक्य झाले असे होत नाही. आणि त्याच कायद्याचे ६५ वे कलम सांगते की असा करार संपला असता एकाने दुसऱ्याकडून जे घेतले असेल ते परत केले पाहिजे. तात्पर्य, न पोचविलेल्या मालाचे पैसे निसर्गाच्या कोपाचे नाव सांगून ठेवून घेता येत नाहीत. आपल्या आजीच्या काळापासून दूधवाल्याच्या वहीत खाडा मांडण्याची जी रीत आहे, ती याहून निराळे काय सांगते? तापाने फणफणलेल्या त्या मुलास कायदा ठाऊक नव्हता, पण खाडा मांडण्यास तो विसरला नाही.

आता धंदा करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस दोन शब्द. नारिंगी किंवा लाल इशारा लागला की रात्रीच गिऱ्हाइकांना कळवावे. ज्यांच्याकडे तान्हे मूल आहे, ज्यांस नेमाचे औषध लागते, जे वृद्ध एकटे राहतात, अशांची यादी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी आणि त्यांच्याकडे दोन दिवसांचा माल आधीच पोचवावा. म्हणजे प्रत्यक्ष संकटाच्या दिवशी कोणास पाण्यात उतरविण्याची वेळ येणार नाही. शिजविलेले अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांहून अधिक राहू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यास्तव रस्त्यात अडकलेला डबा तिन्हीसांजेस पोचवून कर्तव्य केल्याचे समाधान मानू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हाताखालच्या मुलाने "मालक, पुढे पाणी आहे, परत येतो," असे सांगितले तर त्यास परत येऊ द्यावे आणि त्या दिवसाचा रोज कापू नये. रोज कापला जाईल या भीतीने मूल पाण्यात शिरते. तेथे मालकाने तोंडाने "सांभाळून जा" म्हटले तरी त्यास अर्थ राहत नाही.

यावर येणारा आक्षेप आम्ही जाणून आहोत. "गुरुजी, आता मोबाइलवर बोट ठेवताच काही मिनिटांत माल दारात आणणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. आम्ही एक दिवस नाही म्हटले तर गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाईल." हा आक्षेप खोटा नाही. आमच्या सूनबाई चाळीस डबे करतात. मागे एका लाल इशाऱ्याच्या आदल्या रात्री त्यांनी सर्वांस कळविले की उद्या डबे येणार नाहीत आणि उद्याचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा होतील. दोन गिऱ्हाइकांनी डबा बंद केला आणि ती परत आली नाहीत. चाळीसात दोन म्हणजे लहान घरास थोडे नुकसान नव्हे, आणि ते सोसावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाऊसही फारसा झाला नाही. तेव्हा "उगाच घाबरलो" असे घरातही कोणी बोलले. परंतु डबे पोचविणारा मुलगा त्या दिवशी आपल्या आईजवळ घरी होता, आणि पाऊस कमी होणार हे आदल्या रात्री कोणास ठाऊक होते? बाकीच्या अडतीस घरांनी निरोप समजून घेतला. त्यांतील एका आजीबाईंनी तर वजावट न घेता ते पैसे मुलास देण्यास सांगितले.

येथे आमचा मुद्दा पुन्हा गिऱ्हाइकाकडे येतो. लहान धंदेवाला "नाही" म्हणावयास घाबरतो, कारण आपण त्यास घाबरविलेले असते. आपण बोललो नाही तरी त्यास आपले भय असते. म्हणून समजूतदार गिऱ्हाइकाने गप्प बसून भागत नाही. त्याने आधी होऊन बोलावे लागते. "उद्या पाऊस मोठा आहे, येऊ नकोस, आमचे भागेल," हे एक वाक्य एका मुलास घरी ठेवू शकते. हे वाक्य आम्ही २००५ साली उच्चारले नाही. आज आम्ही ते पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातच उच्चारून ठेवतो.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आमची आपणांस तीन कामांची विनंती आहे. घरात तीन दिवस पुरेल इतके तांदूळ, डाळ, दूध भुकटी आणि नेमाची औषधे जूनपूर्वी भरून ठेवावीत. आपल्या दूधवाल्यास, पेपरवाल्यास, डबेवाल्यास पावसाळ्याच्या आरंभीच सांगावे की लाल इशाऱ्याच्या दिवशी आम्ही तुमची वाट पाहणार नाही आणि खाड्याबद्दल कुरकुर करणार नाही. आणि अशा दिवशी एखादा भिजत आलाच, तर त्यास दारातून परत न पाठविता आत घ्यावे, अंग पुसावयास पंचा द्यावा, पायावर जखम असेल तर ती स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे, आणि पाणी ओसरेपर्यंत बसवून घ्यावे.

तो आमचा विद्यार्थी आज स्वतःचे दुधाचे दुकान चालवितो. दोन मुले त्याच्या हाताखाली आहेत. मोठ्या पावसाच्या आदल्या रात्री त्याचा निरोप येतो : "गुरुजी, उद्या मुलांना पाठवीत नाही. खाडा मांडतो." आम्ही उत्तर देतो, "बरे केलेस." आमचे वडील आता नाहीत. परंतु अशा प्रत्येक सकाळी आमच्या घरी भाताची पेज होते आणि ती आम्ही समाधानाने घेतो.



जय हिंद! जय महाराष्ट्र!